बत्तीस वजा

काटेवाल्याच्या बायकोला सगळी गल्ली काडी म्हणायची. लग्न होऊन आली तेव्हा ती इतकी बारीक होती, की सासूबाई म्हणाल्या, "हिला काट्यावर उभी केलीस ना, तर काटा विचारेल, अजून कोणी चढायचंय का?" शेजारणीनं ते ऐकलं, दुपारपर्यंत गल्लीनं ऐकलं, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. काडीला त्याचं काही वाटत नसे. तीही कुणाला सोडत नसे.

नवरा वजनकाटे दुरुस्त करायचा. पुढे दुकान, मागे घर. काडी दुकानात स्टुलावर बसून गिऱ्हाइकांचे काटे उतरवून घ्यायची, आणि दुपारी जेवताना प्रत्येकाचा आवाज काढून दाखवायची. औषधवाला खाकरून बोलायचा, शाळेच्या बाई दर शब्दाला थांबायच्या, भंगारवाला सगळं शपथेवर सांगायचा. काडी सगळ्यांना ताटाभोवती आणून बसवायची. सासूबाई हसून हसून घास अडकेल म्हणून आधीच पाणी जवळ घेऊन बसत.

काटेवाला मात्र कामाच्या बाबतीत हसणारा नव्हता. त्याच्याकडे प्रमाणित वजनांची लाकडी पेटी होती, आत मखमल. ती वजनं तो उघड्या हातानं कधी उचलत नसे, बोटाचं तेल लागलं तरी वजन वाढतं म्हणून. आणि गिऱ्हाईक नवं असो की जुनं, त्याचं पुराण ठरलेलं: "एका वजनानं काटा तपासतात काय? हलकं ठेवा, मधलं ठेवा, जड ठेवा. चारही कोपऱ्यांत ठेवा. मग बोला माझ्याशी." काडी त्याचाही आवाज काढायची, पण तो आत ग्राइंडरवर असताना.

आठवा महिना लागला आणि काडी फुगू लागली. आधी पाय. मग हात. मग सकाळी उठल्यावर तोंड असं दिसायचं, की रात्रभर उशीनंच तिच्यावर डोकं ठेवून झोप काढली असावी. चपला होईनात, म्हणून ती नवऱ्याच्या घालून फिरू लागली. सासूबाई खूश. "अंगाला लागतंय हो शेवटी! काडीचा ओंडका झाला!"

दवाखान्यात तपासणीचा दिवस आला. लांबलचक बाकावर बायका ओळीनं बसलेल्या, प्रत्येकीच्या हातात कागदात गुंडाळलेली छोटी बाटली, आणि प्रत्येक जणी अशी बसलेली, की बाटली दुसऱ्याच कुणाची तरी आहे, आपण नुसती धरलीय. सिस्टर सगळ्यांशी एकाच सुरात बोलायच्या. "चला, चप्पल काढू या आपण. काट्यावर चढू या आपण. अगंबाई, पंधरवड्यात तीन किलो? आपण काय गोदाम गिळलं की काय?"

बाक हसला. काडीही हसली, आणि हा सूर दुपारी किती छान जमेल असं मनात म्हणत तिनं दंड पुढे केला. पट्टा फुगला, सुटला. सिस्टरनी पुन्हा फुगवला. मग बाटलीत पातळ पट्टी बुडवली आणि डबीवरच्या रंगांशेजारी धरली. पिवळी पट्टी हळूहळू हिरवट होत गेली, एखाद्या कच्च्या फळासारखी. सिस्टर तिच्याकडे बघत राहिल्या, आणि म्हणाल्या, "तू इथेच थांब. उठू नकोस."

'आपण' गेलं, 'तू' आलं.

डॉक्टरीणबाई बोलताना मान वर करत नसत, अशी त्यांची ख्याती. या वेळी त्यांनी मान वर केली. काडीच्या नडगीवर अंगठा दाबला, उचलला. खड्डा तसाच राहिला.

"हे वजन बाळाचं नाही, खाण्याचंही नाही," त्या म्हणाल्या. "हे अंगात साठलेलं पाणी आहे. लघवीतून प्रोटीन जातंय, एक प्लस. ते रक्तातच राहायला हवं, मूत्रपिंडानं अडवायला हवं. बीपी एकशे अडतीस-अठ्ठ्याऐंशी, म्हणजे काठावर. रक्त तपासू. घरी बीपीचं मशीन आणा, सकाळ-संध्याकाळ बघा. वरचा एकशे चाळीस किंवा खालचा नव्वद झाला, की त्याच दिवशी इथे. डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे चमकलं, बरगडीखाली दुखलं, तर वाट बघायची नाही."

"नाही तर काय होतं?" काडीनं विचारलं.

"झटके येऊ शकतात. बाळाला रक्त कमी पडतं. दोघांच्या जिवावर बेततं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जणू दूध उतू जातं, गॅस बारीक ठेवा, असं सांगत होत्या. "म्हणून तर बघायचं. घाबरू नका."

घाबरू नका म्हटल्यावर माणूस जितकं घाबरतं, तितकी काडी घाबरली. त्या दुपारी तिनं कुणाचाही आवाज काढला नाही. स्वतःच्याच आवाजात, एका दमात, सगळं सांगून टाकलं.

सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वेळी कोण बघत होतं लघवीचे रंग? पाच झाली मला."

काटेवाल्यानं भाकरीचा तुकडा मोडला, ताटातच ठेवला. मग म्हणाला, "त्यांच्या काट्यावर तपासल्याचा शिक्का होता का?"

"मी बघितलं नाही."

"बघ! दिवसाला शंभर बायका चढतात त्याच्यावर. स्प्रिंग ढिली पडली असेल. तीन किलो काय, तो पाच दाखवेल. आणि पट्टीचं काय, डबी उघडी राहिली की हवा लागून रंग बदलतो. लोक घाबरतात, आणि बिघडलेलं असतं यंत्र. मी वीस वर्षं हेच बघतोय."

इतक्या ठामपणे कुणी बोललं की किती बरं वाटतं! काडीला बरं वाटलं. पायातला खड्डा कुठल्या स्प्रिंगमुळे पडला, हे तिनं विचारलं नाही. संध्याकाळी रक्ताचा अहवाल ठीक आल्याचा फोन आला, तेव्हा तर काटेवाल्यानं टेबलावर थाप मारली. "म्हटलं नव्हतं?"

तरी मशीन आणायला तोच धावला. समोरच्या औषधवाल्याकडून त्यानं बीपीचं मशीन मागून आणलं, टेबलावर ठेवलं, उलटंसुलटं केलं, आणि जे यंत्र दुकानात येईल त्याचं जे करायचं तेच केलं. आधी तपासून घेतलं.

"याला प्रमाण वजन काय लावायचं?" तो स्वतःशीच म्हणाला. मग बाही वर सारली. "मीच! धडधाकट माणूस, कधी ताप नाही, कधी गोळी नाही. मला एकशे वीस यायला हवं."

मशीन घरघरलं, फुगलं, सुस्कारा सोडला. एकशे बावन्न.

"हं!" काटेवाल्याचा चेहरा उजळला. "बत्तीस जास्त दाखवतंय. औषधवाल्याला बजावलं पाहिजे, लोकांना फुकटचं घाबरवतोय." त्यानं चिकटपट्टीचा तुकडा कापला, त्यावर ठळक अक्षरांत 'बत्तीस वजा' लिहिलं आणि मशीनच्या कपाळावर चिकटवलं. दुरुस्तीला आलेल्या काट्यांवर तो असंच लिहायचा.

मग काडीचा दंड. एकशे अठ्ठेचाळीस.

"वजा बत्तीस. एकशे सोळा. झोप निवांत."

काडी निवांत झोपली. खरंच झोपली. दुसऱ्या दिवशी एकशे पन्नास आलं, म्हणजे एकशे अठरा. संध्याकाळी एकशे छप्पन्न, म्हणजे एकशे चोवीस. खालच्या आकड्याचं काय करायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून काटेवाला त्यातूनही अंदाजानं थोडं वजा करायचा. रोज सकाळी तो आधी स्वतःचा दंड लावून घ्यायचा. मशीन कधी एकशे अठ्ठेचाळीस दाखवायचं, कधी एकशे पंचावन्न, आणि तो म्हणायचा, "अस्थिर आहे. पण चूक त्याच बाजूला आहे, म्हणजे चालेल."

एक गोष्ट मात्र काडीच्या नजरेतून सुटली नाही. आकडा यायच्या आधी, पट्टा फुगत असताना, तो श्वास धरून बसायचा. वजाबाकी झाली, की सोडायचा.

मग डोकं दुखायला लागलं. आधी कपाळ, मग डोळ्यांच्या मागे, जसं कुणी आतून अंगठ्यानं दाबतंय. काडीनं ते कुणाला सांगितलं नाही. सांगितलं की ते खरं होणार, आणि आकडे तर एकशे चोवीस म्हणत होते. सासूबाईंनी तिला कपाळ चोळताना पाहिलं, तर म्हणाल्या, "गरोदरपणात डोकं दुखतंच गं. माझं तर अजून दुखतं, पोरं जन्मली तरी." काडी हसल्यासारखं करून पुन्हा स्टुलावर जाऊन बसली. बोटातली अंगठी तेल लावूनही निघाली नव्हती. ती तशीच राहू दिली. बघायचंच नाही असं ठरवलं की बऱ्याच गोष्टी बघाव्या लागत नाहीत.

अशात एका सकाळी भाजीवाली मावशी काटा घेऊन आली. मावशी बाजाराच्या एका टोकाला बसायची आणि दुसऱ्या टोकाशी गप्पा मारायची, त्यामुळे समोरच्याशीही तशीच बोलायची.

"हे घे गं! मेला शंभर ग्रॅम जास्त दाखवतो! गिऱ्हाईक मला चोर म्हणतं! मी चोरी करीन तर शंभर ग्रॅमची करीन होय? पोतंच उचलीन की!"

"ठेवा मावशी."

"अगं, तोंड कसं झालंय तुझं? भोपळा लाजेल! आणि हे काय, हा पट्टा? काट्याला का हात असतो?"

"बीपीचं आहे ते."

"मग माझं बघ की! फुकट आहे ना? बघ!"

मावशी बसली, दंड पसरला. मशीन फुगलं. "आवळतंय गं! सोड! मी नाही दिली शिवी कुणाला!" मशीननं सुस्कारा सोडला.

एकशे अठरा.

काडीनं सवयीनं वजाबाकी केली. शहाऐंशी. तिनं मावशीकडे पाहिलं. शहाऐंशीवर माणूस कसं दिसतं हे तिला ठाऊक नव्हतं, पण असं नक्कीच दिसत नसणार. "मावशी, तुम्हाला चक्कर येतेय?"

"मला? सकाळपासून बटाट्याची दोन पोती उतरवलीत एकटीनं! चक्कर येईल माझ्या दुश्मनाला!"

मावशी गेली. तिचा आवाज वळणापर्यंत ऐकू येत होता. मग तोही थांबला, आणि दुकानात फक्त आतल्या ग्राइंडरची घरघर उरली.

काडी मशीन घेऊन मागे घरात गेली. सासूबाई जमिनीवर बसून शेंगा सोलत होत्या. "आई, हात द्या."

"माझा कशाला? मला काही झालेलं नाही."

"म्हणूनच द्या."

तिच्या आवाजात काय होतं कोण जाणे, सासूबाईंनी शेंग खाली ठेवली आणि हात दिला. एकशे सव्वीस. वजा केले तर चौऱ्याण्णव. पाच पोरांची आई, साठीची बाई, आणि चौऱ्याण्णव?

काडीनं पट्टा स्वतःच्या दंडाला लावला. तो बसताना नेहमीपेक्षा तोकडा झाला होता. मशीन फुगत गेलं, फुगतच गेलं, थांबेना. मग आकडा आला. एकशे सहासष्ट. खाली एकशे दहा. मशीनच्या कपाळावरच्या चिकटपट्टीवर तिनं अंगठा ठेवला. पहिल्यांदाच तिनं काहीच वजा केलं नाही.

दाराच्या चौकटीत ठिणग्या उडाल्या. ग्राइंडरच्या, तिला वाटलं. पण घरघर तर थांबली होती. ठिणग्या तरीही उडत होत्या, डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात, शांतपणे, आवाज न करता.

तेव्हा तिला जी भीती वाटली, तिची सर डॉक्टरीणबाईंच्या खोलीतल्या भीतीला नव्हती. ती भीती ऐकलेली होती, ही आतून येत होती. दवाखान्यापासून आजपर्यंतच्या सगळ्या सकाळ-संध्याकाळ एकदम तिच्या अंगावर आल्या. एकशे अठ्ठेचाळीस. पन्नास. छप्पन्न. बाळ आत एवढे दिवस कशात पोहत होतं? ते सकाळी हललं होतं का? हललं होतं. की कालच हललं होतं?

ती भिंत धरत काटेवाल्यासमोर जाऊन उभी राहिली. तो डोळ्याला भिंग लावून कुणाच्या तरी काट्यात डोकावत होता.

"अहो, काटा किती वजनांनी तपासता?"

"हे काय नवीन? तीन. हलकं, मधलं, ज..."

तो थांबला. भिंगातला डोळा मोठा दिसत होता, तो तिच्या हातातल्या मशीनवर खिळला.

"मावशीचं एकशे अठरा आलं," काडी म्हणाली. "आईंचं एकशे सव्वीस."

काटेवाल्यानं भिंग काढलं. त्याचे ओठ हलले, काहीतरी वजाबाकी चालली होती, आणि ती जमत नव्हती. "मग माझं जे एकशे बावन्न..."

"तुमचं तुम्ही नंतर बघा. माझं एकशे सहासष्ट आहे. आणि मला ठिणग्या दिसतायत."

त्यानं ग्राइंडरकडे पाहिलं. ग्राइंडर बंद होता. मग तो जे ओरडला ते काडीनं कधी ऐकलं नव्हतं. माणसाचं नाव घेऊन मारलेली हाक नव्हती ती, की शब्दही नव्हता. सासूबाईंच्या मांडीवरच्या शेंगा सांडल्या.

वजनं पोचवायची तीनचाकी दारातच होती. मागे वीस-वीस किलोच्या वजनांची थप्पी होती, ती उतरवायला वेळ नव्हता. काडी पुढे त्याच्याशेजारी बसली, आणि प्रत्येक वळणावर मागून लोखंड लोखंडावर आपटायचं. तिच्या डोक्यात तेच आपटत होतं. "मी घाबरलो होतो गं," काटेवाला म्हणत होता, रस्त्याकडे बघत, "मला तो आकडा नकोच होता. मला दुसरा हवा होता. म्हणून मी..."

"रस्ता बघा."

"मलाच प्रमाण धरलं. एकच वजन, तेही खोटं."

"अहो, रस्ता बघा!"

बाक तसाच भरलेला होता. सिस्टरनी तिला लांबून पाहिलं आणि हातातलं काम टाकून धावल्या. पट्टी बुडवली, आता ती हिरवी व्हायला वेळच लागला नाही. तीन प्लस. डॉक्टरीणबाईंनी गुडघ्यावर छोट्या हातोडीनं मारलं, तसा पाय असा उडाला की काडीलाच तो परका वाटला. मग सगळे भराभर आणि कमी बोलू लागले. खोलीतला उजेड कमी केला. एकीनं शीर शोधली, एकीनं पोटावर यंत्र ठेवलं, आणि बाळाच्या काळजाचे ठोके खोलीभर धावले. होते. वेगानं, पण होते. काडीनं तोंड भिंतीकडे वळवलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडली.

"हे झटके येऊ नयेत म्हणून," सिस्टर सुई हातात घेऊन म्हणाल्या. "अंगातून आग गेल्यासारखं वाटेल. जाऊ दे."

आग गेली. मानेतून, छातीतून, मांड्यांतून. काडीला वाटलं, हाच झटका, आला, संपलं. "नाही गं, हे औषध आहे," सिस्टर म्हणाल्या, आणि तिच्या कपाळावर ओला कपडा ठेवला.

डॉक्टरीणबाई बाहेर काटेवाल्याशी बोलल्या. दार उघडंच होतं. "बाळ आज काढावं लागेल. लहान असेल, काचेच्या पेटीत ठेवू. आत ठेवलं तर दोघंही धोक्यात. सही करा." मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून, "तुम्ही असे लाल का दिसताय? सिस्टर, यांचंही बीपी बघा."

"माझं नंतर," काटेवाला म्हणाला. "आधी तिचं."

मुलगी झाली. काडीनं तिचा आवाज ऐकला, गंजलेली बिजागरी करकरावी तसा, दोनदा. मग कुणीतरी ती कपड्यात गुंडाळून घेऊन गेलं. तिला दाखवली असेल, पण काडीला फक्त एक गुलाबी कान आठवत होता.

तिला वाटलं होतं, मूल बाहेर आलं की संपलं. संपलं नव्हतं. "अजून काही दिवस जपायचं," सिस्टर म्हणाल्या. "झटके नंतरही येतात." दंडावरचा पट्टा आपोआप फुगायचा, आवळायचा, सुटायचा, आणि डोक्यामागच्या पडद्यावर आकडा उमटायचा. पडद्याकडे मान वळवायची ताकद काडीत नव्हती. डोळे मिटले की तिला वाटायचं, झोपेतच येईल झटका, आपल्याला कळणारही नाही. म्हणून ती छताकडे बघत पडून राहायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी काटेवाला शेजारच्या स्टुलावर बसला होता. त्याच्या खिशात आता त्याच्याही गोळ्या होत्या. सासूबाई काचेच्या खोलीबाहेर उभ्या होत्या, तिथून हलायला तयार नव्हत्या, आत जाणाऱ्या प्रत्येक नर्सला "नाक झाकलं नाही ना तिचं?" विचारत होत्या.

पट्टा फुगला. सुटला.

"किती?" काडीनं विचारलं.

काटेवाल्यानं पडद्याकडे पाहिलं. कमी करून सांगणं किती सोपं होतं, आणि ती किती दमलेली होती.

"एकशे बासष्ट," तो म्हणाला. "खाली एकशे चार."

काडीनं त्याच्याकडे पाहिलं. तो खोटं बोलत नव्हता, हे तिला चेहऱ्यावरूनच कळलं. इतका घाबरलेला चेहरा त्यानं आजवर तिच्यापासून लपवलाच होता.

"मग बसलात काय? बोलवा कुणाला तरी."

तो उठला, स्टूल कलंडलं, आणि "सिस्टर! सिस्टर!" करत तो अनवाणीच धावत सुटला. चपला काडीच्या पलंगाखाली होत्या. सिस्टर आल्या, नळीतून औषध सोडलं, आणि तिघंही पट्ट्याकडे बघत राहिली. एकशे अठ्ठावन्न. मग बराच वेळ तेवढंच. मग एकशे एकोणपन्नास.

"उतरतंय," सिस्टर म्हणाल्या. "सांगता येत नाही अजून, पण उतरतंय. दर पंधरा मिनिटांनी बघू."

त्या गेल्या. काडीचे डोळे जड झाले होते. भीती तशीच होती, छातीवर ठेवलेल्या वजनासारखी, पण आता तिला ती एकटीनं उचलायची नव्हती.

"मी झोपते थोडी," ती म्हणाली. "तुम्ही आकडा बघत बसा. एक जरी वर गेला..."

"हाक मारतो."

"आणि मुलगी?"

"दूध चार थेंब गेलं. आई म्हणाली."

"चार?"

"चार. मी पाच सांगणार होतो."

काडीचे ओठ थोडे हलले. मग तिनं डोळे मिटले. काटेवाला स्टूल पुढे ओढून बसला, दोन्ही हात मांड्यांवर, आणि पडद्यावरून नजर न काढता पुढचा आकडा यायची वाट बघू लागला.